गिफ्ट चिकटवू नका, बांधा

परवा एका वाढदिवसानंतर आवराआवरीला थांबले होते, तर नुसत्या रॅपिंग पेपरचीच एक मोठी काळी पिशवी भरली. मी आपली शहाणी, म्हटलं टाकू नका हां, कागद आहे, रिसायकलिंगला जाईल. आणि सहज त्यातला एक चकचकीत तुकडा मुठीत गच्च चुरगळला, मूठ उघडली तर तो हळूहळू फुलत परत सरळ व्हायला लागला! म्हणजे कागद नव्हताच तो. खरा कागद चुरगळला की चुरगळलेलाच राहतो, उलगडायला लागला की समजायचं प्लास्टिकची फिल्म आहे, आणि ती चांदीसारखी चमक म्हणजे त्यावर चढवलेला अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर. ग्लिटर पण बहुतेक असंच, प्लास्टिकच्याच फिल्मचे बारीक तुकडे, युरोपियन युनियनने तर ऑक्टोबर २०२३ पासून सुटं प्लास्टिक ग्लिटर विकायलाच बंदी घातलीये.

मग मी साध्या ब्राउन पेपरवर आले आणि वाटलं झालं काम. पण सवय कुठे जाते, एका खोक्याला पंधरा-वीस टेपचे तुकडे! समोरच्याने ते टराटरा फाडलं आणि कागद गेला तो गेलाच. टेपचं पण गंमत आहे, १९३० साली आली तेव्हा ती सेलोफेनची होती, म्हणजे लाकडातल्या सेल्युलोजपासून बनलेली, आता मिळते ती बहुतेक प्लास्टिकची. शिवाय रिसायकलिंग करताना तिचा गोंद कागदाच्या लगद्यात चिकट गोळे होऊन बसतो. त्यामुळे कागद कुठला घेताय यापेक्षा तो कशाने धरून ठेवताय हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलंय.

आता मी टेप घेतच नाही. कागदाच्या दोन कडा खोक्यावर दोन-तीन बोटं एकमेकींवर येतील एवढा कापायचा, बाजूच्या टोकांचे त्रिकोण करून खाली दुमडायचे, आणि सुतळी दोन्ही दिशांनी अशी फिरवायची की ती त्या दुमडलेल्या टोकांवरूनच जाईल, म्हणजे तीच सगळं दाबून धरते. पहिल्यांदा हमखास सुटतं. वर्तमानपत्र पण चालतं, फक्त शाई हाताला लागते तेव्हा आत पांढरं काही देऊ नका (अनुभवाचे बोल!), त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरची पानं भारी, जाड असतात आणि घडी कडक बसते.

बॉल, बाटली, टेडी असल्या वस्तूंना मात्र कागद नकोच, तिथे कापड. जपानमध्ये याला फुरोशिकी म्हणतात, चौकोनी कापड आणि गाठी, बास. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेली फुरोशिकी लोकांसमोर आणली होती, पिशव्यांऐवजी वापरा म्हणून. कापड केवढं घ्यायचं तर त्याचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. वस्तू मधोमध तिरकी ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं वरून गुंडाळायची आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारायची. गाठ मारताना पहिल्या वेळी उजवं टोक डाव्यावर घेतलं असेल तर दुसऱ्या वेळी डावं उजव्यावर, दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं की ती घसरते, मी कित्येक वर्षं चुकीचीच मारत होते. पण यासाठी नवीन कापड विकत आणू नका प्लीज, एका कापसाच्या तुकड्यामागे किती पाणी जातं बघा, त्यापेक्षा कपाटातला न वापरलेला स्कार्फ किंवा जुन्या चादरीचा न विरलेला भाग घ्या.

कापड परत मागायचं की नाही हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मी देतानाच सांगून टाकते की ठेव किंवा पुढे कुणाला तरी बांधून दे, संकोच संपला. आणि कागदावर नाव लिहायला वेगळं कार्ड लावत नाही, तिथेच लिहिते, पेन्सिलने, पुढच्याला खोडता यावं म्हणून.