कापूस झाडावर, निकाल कागदावर

अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे परिषदेतल्या पेपरचा सारांश पाठवायचा शेवटचा दिवस होता आणि पेपरचा पत्ता नव्हता. त्यात विशेष काही नाही. परिषद जानेवारीत, अ‍ॅबस्ट्रॅक्ट ऑक्टोबरात. आमच्यात सगळे असंच करतात. आधी 250 शब्द, मग संशोधन.

विषय होता मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे दाट लावून कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आटोक्यात येते का, हा. पांढरकवड्याकडची 12 शेतं घेतली होती. बोंडअळीला तोंड देणारं म्हणून लावलेलं बीटी वाण असूनही 2017 साली या अळीने यवतमाळ जिल्ह्याला रडवलं होतं, त्यामुळे सापळ्याला कुणी नाही म्हणालं नाही. आकडेही गोड येत होते. सप्टेंबरात सापळ्यात रात्रीला नऊ-दहा पतंग, ऑक्टोबरात तीन, मग दोन. सलग तीन रात्री आठ पतंग म्हणजे धोका, असं आम्हीच शिकवतो. म्हणून सकाळी चहा पिता पिता लिहून टाकलं, ‘पतंगांच्या संख्येत लक्षणीय घट आढळली.’ ‘लक्षणीय’ म्हणायला लागणारं संख्याशास्त्राचं गणित एकही केलेलं नव्हतं. याच ‘लक्षणीय’पायी मी विद्यार्थ्यांचे मार्क कापतो.

एका शेताची नोंद राहिली होती, तेवढ्यासाठी गाडी काढली. धुऱ्यावर काका भेटले.

“कागद झाला का सर?”

“झालाच म्हणा. सापळ्यानं अळी कमी झाली, असं लिहून राह्यलो.”

“कापूस घरात याचा हाय अजून! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.” हसले, आणि एक हिरवं बोंड तोडून माझ्या हातात दिलं. “फोडा.”

बोंड बाहेरून नितळ. अळी आत शिरते ते भोक बोंड वाढताना बुजून जातं. अंगठ्यांनी दाबलं, कट्‌कन फुटलं. ओल्या पांढऱ्या रुईत तपकिरी डाग आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. मग रीतसर शेतभर फिरून 20 बोंडं फोडली. सहा किडकी. दोन निघाली तरी फवारणीचा सल्ला देतो आम्ही.

सापळ्याचं झाकण उघडलं तेव्हा उलगडा झाला. आतला ल्युर, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष, ऑगस्टअखेरचा होता. नवी पाकिटं कॉलेजच्या फ्रीजमध्ये पडून होती आणि मी महिनाभर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलींत. ल्युरचा वास संपला म्हणून नर पतंग सापळ्यात येत नव्हते. शेतात मात्र ते होतेच.

काका काही बोलले नाहीत. “फवारू का आता?” एवढंच विचारलं. कोणतं औषध, किती, ते लिहून दिलं. मास्क-हातमोज्यांचं दोनदा सांगितलं. फवारणीतली विषबाधाही या जिल्ह्याने 2017 सालीच पाहिली आहे.

रात्री गावात लाइट नव्हती. बस स्टँडवर रेंज मिळाली तेव्हा गाइड मॅडमना फोन लावला. “मागे घेऊ का, मॅडम?”

“मागे कशाला? केलं ते लिही. जे अजून मिळालं नाही, ते भूतकाळात लिहू नकोस.”

‘आढळली’ खोडलं. ‘लक्षणीय’ गेलं. ल्युर उशिरा बदलल्याचं एक वाक्य घातलं. ते लिहिताना बोटं अडखळली. शेवटी आलं, ‘सापळ्यातील पतंगसंख्या आणि हिरव्या बोंडांतील प्रादुर्भाव यांचा मेळ तपासला जात आहे.’ 231 शब्द झाले. 11 वाजून 48 मिनिटांनी पाठवलं.

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी शिपायाला उठवून फ्रीजमधली पाकिटं घेतली आणि निघालो.