आमची वाटचाल: लाल शाईतलं पाकीट

रिस्ट्राइक नाणं, म्हणजे जुन्या ठशांतून नंतर पुन्हा पाडलेलं, असेल तर पाकिटावर लाल शाईत तसं लिहायचं, मगच ते काउंटरवर ठेवायचं. न्यू जर्सीत दुकान थाटलं त्या दिवसापासूनचा हा आमचा नियम. आणि याच मालावरून आम्हाला लबाड ठरवायचा प्रयत्न झाला.

फिलाडेल्फियाजवळ एक प्रदर्शन होतं. आमच्या टेबलावर 1804 चा मोठा सेंट, म्हणजे अमेरिकेचं जुनं तांब्याचं नाणं, होता. लाल शाई होती, किंमतही रिस्ट्राइकचीच. पलीकडच्या रांगेतला जुना व्यापारी एकेका गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगत सुटला, "ते खोटी नाणी विकतात." पुढच्या तीन आठवड्यांत अकरा नाणी परत आली. पैसे आम्ही एका शब्दानं न विचारता परत केले. घराचा हप्ता थकला. सौ.नं नोकरीत जादा पाळ्या घेतल्या. त्या माणसानं आजतागायत चुकीची कबुली दिलेली नाही आणि मी ते विसरलेलो नाही.

खोटं नाणं म्हणजे फसवायला केलेलं. हे तसं नव्हे. 1857 मध्ये मोठा सेंट आणि अर्धा सेंट बंद झाले, संग्राहकांची झुंबड उडाली आणि टाकसाळीनं भंगारात काढलेले ठसे पुन्हा दाबाखाली गेले. 1804 साठी 1803 चा गंजका ठसा घेऊन 3 चा 4 केला आणि पाठीला 1820 चा ठसा लावला. म्हणून मागं 1/100 हा अपूर्णांक (डॉलरचा शंभरावा भाग) नाही; 1820 च्या ठशावर तो नव्हताच. अस्सल 1804 ला तो असतो, शिवाय तारखेतलं शून्य मागच्या बाजूवरच्या OF या शब्दातल्या O च्या बरोबर समोर येतं. 1823 च्या रिस्ट्राइकला पाठ 1813 ची आणि पुढच्या बाजूवर ठशाला गेलेला मोठा तडा. भिंगाखाली तो तडा नदीच्या फाट्यासारखा दिसतो. हे ओळखता येत नसेल तर दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवू नये.

त्या आठवड्यांत एक निवृत्त टपाल कर्मचारी दुकानात आले. आम्ही त्यांना ‘दादा’ म्हणतो, त्यांना अर्थ सांगितल्यावर आवडलं. त्यांनी तोच 1804 मागितला, भिंग लावून पाच मिनिटं पाहिला, काट्यावर ठेवला आणि रोख पैसे मोजले. पुढच्या प्रदर्शनात तो घेऊन स्वतः आमच्या टेबलाशी दिवसभर बसले. येणाऱ्याला पाकीट दाखवून म्हणायचे, "वाचा, लिहिलंय." तिथून गाडी रुळावर आली. नंतरची पंधरा वर्षं बरी गेली.

दुकानात हत्यारं मोजकीच. दहा पट भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा (1795 नंतरचा मोठा सेंट 10.89 ग्रॅमचा हवा), मऊ केसांचा ब्रश. नाणं नेहमी कडेनं धरायचं. हल्ली मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतात, त्यानं तांबं हिरवं चिकट होतं; कागदाचीच वापरा. आणि आपल्या लोकांना हात जोडून सांगतो, तांब्याचं भांडं चिंचेनं घासायची आपली सवय नाण्यावर चालवू नका. एका ओळखीच्यानं वारशात आलेला 1794 चा सेंट लखलखीत करून आणला. दोनशे वर्षांचा रंग एका दुपारी गेला होता आणि त्याबरोबर किंमतही.

फिलाडेल्फियाचे पियानोकार जोसेफ मिकली यांना आपल्या जन्मवर्षाचा, 1799 चा सेंट हवा होता, त्यातून ते संग्राहक झाले. 1811 च्या अर्ध्या सेंटच्या रिस्ट्राइकला त्यांचं नाव लागतं, पाठ 1802 ची, आणि उरलेत ते जेमतेम डझनभर. मिकली वारल्यावर 1878 मध्ये त्यांच्या संग्रहातले ठसे सरकारनं जप्त केले. दादांना तो 1811 हवा आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात, चहा घेतात, विचारतात. अजून आमच्या हाती लागलेला नाही. त्यांच्या डब्यात मात्र त्याचं पाकीट रिकामं ठेवलंय, वर माझ्याच अक्षरात लाल शाईनं लिहिलेलं.