आज दिवसभर शेरॉन जोन्स

सकाळी भाजी चिरताना या अमेरिकन गायिकेची गाणी लावली ती रात्रीपर्यंत बंदच केली नाहीत. ‘गिव्ह द पीपल व्हॉट दे वॉन्ट’ हा तिचा अल्बम २०१३ मध्येच यायचा, पण कॅन्सर निघाला आणि सगळं लांबलं. जानेवारी २०१४ मध्ये तो आला, आणि फेब्रुवारीत बाई न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात उभी! केमोने केस गेलेले, विग नाही. मागे तिच्या बँडचे, डॅप-किंग्जचे सॅक्सोफोन, ट्रम्पेट. काय हिंमत असेल! एकेकाळी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात नोकरी केलेली ही बाई. पहिला अल्बम आला तोवर चाळिशी उलटलेली. २०१६ मध्ये ती गेली. ती गायची ते सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावनेनं भरलेलं संगीत, कधी ऐकलं नसेल तर या अल्बमचं पहिलंच गाणं लावा, ‘रिट्रीट!’. आणि आवाज मोठा ठेवा.