तुम्ही विचारलंत म्हणून: इंद्रलाल रॉय माझा कोण?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेला बंगाली वैमानिक तो. नातं नाही. मी बंगालीही नाही. इंग्रजांच्या गणवेशात मेलेल्या पोराची गोष्ट शाळाशाळांतून का सांगत फिरतो, हे दर खेपेला विचारलं जातं. ‘निदान मुंबईच्या वैमानिक वेलिंगकराचं सांगा, तोही त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये मारला गेला ना!’ सांगतो की. पण जीव अडकलाय तो रॉयमध्ये.

कारण डोळे. नजर अधू म्हणून रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या तेव्हाच्या हवाई शाखेने, त्याला नाकारलं. त्यानं मोटारसायकल विकली, त्या पैशांत नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घेतले आणि निकाल फिरवला. मीही हवाई दलाच्या वैद्यकीय चाचणीत डोळ्यांवरूनच बाद झालो. विकायला माझ्याकडेही स्कूटर होती. मी तिच्यावरून घरी आलो.

डिसेंबर १९१७मध्ये त्याचं विमान कोसळलं, तो उडायला अपात्र ठरला, तरी जून १९१८मध्ये ४० व्या स्क्वाड्रनमध्ये पुन्हा उडू लागला. ६ ते १९ जुलै या दिवसांत शत्रूची १० विमानं पाडल्याचं त्याच्या नावावर लागलं. २२ जुलैला लढाईत मारला गेला. वय १९.

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी नेहमीसारखा तो १० आकडा फळ्यावर मोठा काढला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. “सर, त्या दहा विमानांतले घरी किती गेले?”

“युद्ध होतं, बाळा.”

ती बसेना. “त्यांची पण नावं लिहा ना.”

मला एकही नाव येत नव्हतं. खडूनं बोटं पांढरी झालेली, वर्ग माझ्याकडे बघतोय. बाई तिच्यावर ओरडल्या, “बस खाली!” आणि मला हायसं वाटलं. तेच अजून खुपतं.

म्हणून रॉयला सोडू? नाही सोडणार. तो साम्राज्यासाठी नव्हे, उडण्यासाठी गेला, असं विशीतला मी छातीठोक सांगायचो. आता तसं म्हणवत नाही. त्याच्या मनातलं मला काय कळणार?

घरी येऊन नोंदी पुन्हा काढल्या. दहापैकी पाच उद्ध्वस्त, पाच ‘ताबा सुटून खाली गेली’. म्हणजे त्या पाचांतलं एखादं विमान सावरलंही असेल, कुठल्या तरी शेतात उतरलंही असेल. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, की ही माझीच पळवाट?

पुढच्या महिन्यात त्याच शाळेत बोलावणं आहे. ती मुलगी आता नववीत असेल.