सशाच्या तोंडात हात

वेफर्सची पुडी फोडताना वरचा जो तिरका कोपरा सुटून हातात येतो, त्याचं पुढे काय होतं याची चौकशी कुणी करत नाही. रिकाम्या पुडीसाठी माणूस डबा शोधतो, निदान शोधल्यासारखी मान तरी वळवतो. कोपऱ्यासाठी मान वळत नाही. तो बोटांतून गळतो. टाकला असंही म्हणता येत नाही, इतका सहज. दुपारी दोनच्या सुमाराला कुठल्याही बागेत किंवा वॉटरपार्कच्या खाऊगल्लीत बाकाखाली वाकून पाहावं. चंदेरी पोटाचे हे तिकोनी तुकडे पेव्हर ब्लॉकच्या फटींत उभे रोवलेले असतात. झाडू त्यांच्यावरून नुसता फिरतो, आणि चिमट्याच्या रबरी ओठांत ते येतच नाहीत. नख घालावं लागतं.

त्याच बाकाखाली पाण्याची बाटली मात्र सहसा दिसणार नाही. बाटलीला भंगारात भाव आहे, तेव्हा ती कुणीतरी उचलतंच. वेफर्सच्या पुडीत प्लास्टिकच्या पदरांना ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेला असतो. ते पदर सोडवत बसणं कुणाला परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही आणि कचरावेचक बाई तिच्याकडे बघत नाही. संध्याकाळी बागेच्या जमिनीवर उरतं ते बाजारानं नाकारलेलं सामान. आपण ज्याला अस्वच्छता म्हणतो तिच्यात हा हिशेबही असतो.

आणि बागेत असतो तो ससा. फायबरचा, पांढरा, कान मोडलेला, पोटावर इंग्रजीत 'यूज मी' लिहिलेला. कुठे पेंग्विन असतो, कुठे पिल्लू नसलेला कांगारू. राणीच्या बागेत खरे हम्बोल्ट पेंग्विन आले 2016 साली. तोवर मुंबईतल्या किती पोरांनी पेंग्विन पाहिला होता तो आ वासून कचरा खाणारा पक्षी म्हणूनच. या सशाच्या तोंडात हात घालायचा म्हणजे लहानपणी धाडस होतं. आत अंधार, आंबूस वास, एखादी गांधीलमाशी. चावला तर? आईस्क्रीमची काडी नेम धरून लांबूनच फेकायची, ती नाकावर आपटून खाली पडायची, आणि मागून आवाज यायचा, "उचल आधी ती!"

ससा वाईट नाही, त्याची देखभाल वाईट असते. पाठीला एक दार असतं, दाराला कडी, आत सुटा डबा. पहिल्या वर्षी आतला डबा गायब होतो. मग कचरा थेट सशाच्या पायांशी साठतो आणि तो हातानं ओरपून काढावा लागतो. सफाई कामगार ते टाळतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात बिजागरी गंजते, दार लटकतं, कुत्री मागून जेवतात. तोंडाचं तर मुळातच चुकलेलं असतं. मुलाच्या उंचीला ते बरोबर आहे, पण त्याचा व्यास गोळीच्या कागदापुरता. पावभाजीची कागदी ताटली दुमडल्याशिवाय आत जात नाही आणि बरबटलेली ताटली दुमडायला कुणी तयार नसतं. मग ताटल्या सशाच्या डोक्यावर रचल्या जातात, पहिली झुळूक आली की खाली.

नेदरलँड्सच्या दक्षिणेला एफ्टलिंग नावाची बाग आहे, 1952 साली उघडलेली, परीकथांचं जंगल म्हणून प्रसिद्ध. तिथेही आ वासून बसलेला एक प्राणी आहे, म्हणजे माणूसच. होले बोले खेइस. डच बडबडगीतातला हा खादाड. गाय खातो, वासरू खातो, अर्धा घोडा खातो, बैल खातो, सात पिंपं बिअर पितो, जहाजभर मेंढ्या आणि चर्चभर सलगम संपवतो, तरी भुकेनं त्याला झोप येत नाही. आपल्या बकासुराचा मावसभाऊ. त्याचा गाडाभर भात, गाड्याचे दोन रेडे आणि वर गाडा हाकणारा माणूस, एवढ्यावर भागायचं. खेइसला जनावरं झाली, आता तो कागद मागतो. "पापीर हीर," म्हणजे कागद इकडे, असं ओरडत बसतो. तोंडाजवळ कागद नेला की आतला पंखा तो सप्पकन ओढून घेतो, आणि खेइस आभार मानतो. आन्टोन पीक या चित्रकारानं त्याला रूप दिलं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून तो खातोच आहे, आणि आता बागेत त्याची भावंडंही आहेत.

यातली खरी युक्ती पंख्यात नाही, आभारात आहे. आपला ससा मुका आहे. त्याला दिलं काय, न दिलं काय. खेइसनं एकदा "दांक यू व्हेल" म्हटलं की मूल दुसरा कागद आणायला पळतं. स्वतःचा संपला की दुसऱ्यानं टाकलेला. बाकांखाली शिरतं, झुडपात हात घालतं. आईबापांनी शंभरदा सांगून न होणारी गोष्ट एका भुकेल्या लठ्ठ माणसानं ओरडून करून घेतली. अर्थात हवेनं ओढायचं म्हणजे कागद हलका आणि कोरडा हवा. अर्धा भरलेला पेला दिला तर आभारांच्या आधी गुळण्याच ऐकू यायच्या.

कचरा संपल्यावर मुलं काय करतात हे डच आईबापांना विचारायची गरज नाही. शाळेची सहल आठवा. डबे खाऊन झाले की सर शिट्टी वाजवायचे, मैदानाच्या एका टोकाला सगळ्यांची आडवी रांग, दोघांत एका हाताचं अंतर, आणि चालत पलीकडच्या टोकापर्यंत. वाटेत येईल तो कागद उचलायचा, मागे वळायचं नाही. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. मोकळी जागा झाडून काढायला आजही याहून बरी रीत नाही, कारण एकेकट्यानं हिंडणारा माणूस मोठं ते उचलतो आणि बारकं ते राहतं. घोळ व्हायचा तो पुढे. "सगळ्यात जास्त कागद कुणी आणले?" असं सरांनी विचारलं रे विचारलं, की बाईंनी जपून ठेवलेलं वर्तमानपत्र कुठल्या तरी पाठीमागे टराटरा फाटायला लागायचं. सोळा तुकडे, सोळा गुण.

मोठ्यांचं तसं नसतं. मोठा माणूस हजार-दीड हजाराचं तिकीट काढून आलेला असतो आणि त्या तिकिटात वाकणं बसत नाही, अशी त्याची पक्की समजूत असते. त्याच्या जोडीला एक सात्त्विक युक्तिवादही तयार असतो: आपण उचललं तर त्या बिचाऱ्या सफाईवाल्यांची नोकरी जाईल. त्या बिचाऱ्यांना विचारावं. डबे रिकामे करणं, पिशव्या बदलणं, संडास धुणं, ओकलेलं पुसणं, हे काम दिवसभर पुरून उरतं. वेफर्सचा कोपरा त्यांच्या पोटापाण्याचा आधार कधीच नव्हता.

कॅलिफोर्नियात 1955 साली डिस्नीलँड उघडलं तेव्हा वाकण्याचा प्रश्न मुळापासून विचारात घेतला गेला. डबे थोड्या थोड्या अंतरावर ठेवले. ते अंतर तीस फुटांचं की तीस पावलांचं, यावर तिथले शौकीन अजून भांडतात. मुद्दा एवढाच की हातातली वस्तू कंटाळून टाकायच्या आत डबा समोर यावा. डब्यांना ढकलायची झडप, म्हणजे आतलं दिसत नाही आणि माशाही बसत नाहीत. (झडपेला हात लावायची किळस येते, म्हणून काही जण वस्तू डब्यावर ठेवून जातात, हा त्यातला जुना दोष.) च्युइंगगम बागेत विकायचंच नाही. फरशीवरचं गम बर्फानं कडक करून पात्यानं खरवडताना ज्यानं पाहिलंय, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. फ्लोरिडातल्या बागेत 1971 पासून कचरा जमिनीखालच्या नळांतून हवेच्या जोरावर ताशी शंभरेक किलोमीटरनं पळतो. पाहुण्याला घंटागाडी दिसतच नाही.

पण सगळ्यात पाहण्यासारखी आहे ती तिथल्या माणसांची उचलण्याची लकब. चालता चालता एक पाय पुढे, गुडघा किंचित मोडलेला, हात घारीसारखा खाली येतो आणि कागद घेऊन वर जातो. चाल मोडत नाही. उकिडवं बसायचं नाही, कारण गर्दीत मधेच बसलेल्या माणसावर मागचा अडखळतो. हे फक्त झाडूवाल्यांनी करायचं असंही नाही. साहेब असो की तिकिटं तपासणारा, समोर दिसलं की उचलायचं. टोकियोजवळच्या 1983 सालच्या डिस्नीलँडमध्ये तर झाडणारे ओल्या झाडूनं फरशीवर मिकी काढतात. ऊन ते चित्र दहा मिनिटांत पुसून टाकतं. शरद ऋतूत गळलेल्या पानांचे ढीग कानांसकट रचतात. काय वेचताय, असं एका लहान मुलानं विचारलं, तर वेचणारा म्हणाला, स्वप्नांचे तुकडे, असा किस्सा जपानी लोक सांगतात. आपल्याकडे हेच उत्तर दिलं तर पोरगं म्हणेल, "काका, ती कुरकुऱ्यांची पुडी आहे."

आपला हात अडतो तो वेगळ्याच शब्दावर. उष्टं. रस्त्यावरचा कोरा कागद आपण एक वेळ उचलू, पण दुसऱ्याच्या तोंडातून आलेली आईस्क्रीमची काडी? 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या नळ्या बंद झाल्या आणि कागदी आल्या, तेव्हापासून तर चघळून लगदा झालेलं टोक फरशीला चिकटून असतं. वॉटरपार्कात त्याहून वाईट. पाण्यावर तरंगत येणारी कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी, आणि तिला वेढे घालून आलेलं केस बांधायचं रबर. ही जोडी गाळणीच्या जाळीत जाऊन बसते आणि पाण्याची ओढ कमी करते. उचलायला हवीच. बोटं पुढे होत नाहीत.

आणि गंमत म्हणजे ज्या भाषेला उष्ट्याची एवढी शिसारी, त्याच भाषेतल्या कीर्तनात कृष्ण धर्मराजाच्या राजसूय यज्ञात पंक्तीच्या उष्ट्या पत्रावळी उचलतो. तो तिथे पाहुणा होता, आणि अग्रपूजेचा मान मिळालेला पाहुणा होता. गाडगेबाबाही प्रत्येक गावात पाहुणेच. यायचे, कुणाशी फार न बोलता खराटा घेऊन गटारापासून सुरुवात करायचे. गाव आधी बघत उभं राहायचं, मग एकेक जण खाली वाकायचा. रात्री कीर्तन. झाडलेल्या जागेवर.

हौशी पाहुण्यानं उचलायचं ठरवलंच, तर चार गोष्टी कामाला येतील. पिशवीपेक्षा बादली बरी. पिशवीचं तोंड वाऱ्यानं मिटतं आणि दर वेळी दुसरा हात अडकतो. पिशवीच असेल तर तिची कड दोनदा बाहेर वळवावी, तोंड उघडं राहतं. वाऱ्याचा रोख आधी पाहावा. बागभर विखुरलेलं शोधत हिंडण्यापेक्षा वारा जिकडे वाहतो तिकडच्या कुंपणाशी, मेंदीच्या बुडाशी आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात जावं, तिथे सगळं आपोआप गोळा झालेलं असतं. पेला उचलताना आधी आत काय आहे ते पाहावं आणि उरलेलं गटाराच्या जाळीत ओतावं. नाहीतर तासाभरानं पिशवीच्या बुडातून कोलाची धार पायजम्यावर लागते. चिमटा पेल्यांना आणि डब्यांना उत्तम. ओला चपटा कागद त्याला सुटत नाही, तिथे हातमोजाच हवा. फुटकी काच, सुई, लहान बाळाचा लंगोट यांना हात लावू नये. शेजारी उभं राहून कामगाराला हाक मारावी. पाळण्याच्या किंवा रोलर कोस्टरच्या कुंपणाआत कागद दिसला तर तो तिथेच राहू द्यावा. आत उतरायचं ते खेळ बंद करून, आणि ते काम त्यांचं. भरून वाहणाऱ्या डब्यावर आणखी एक ताटली ठेवून आपण काही मिळवत नाही. कावळा ती ओढतो, बरोबर खालच्या तीन येतात.

हे सगळं करूनही तो चंदेरी कोपरा फटीत राहतोच. त्याला खुरप्याचं टोक लागतं आणि खुरपं घेऊन सहलीला कुणी जात नाही. खरं तर तो सुटूच न देणं सोपं आहे. पुडीच्या वरच्या शिवणीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सारखं ओढायचं. तोंड नीट उघडतं, तुकडा पडत नाही. कधी कधी मात्र जोर जास्त होतो, पुडी मधोमध उभी फाटते आणि निम्मे वेफर्स खाली.

ते कावळे उचलतात.