आमची वाटचाल : गिअरबॉक्स उतरवण्याआधी

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचे काम करीत. इंजिन सुरू करून दोन मिनिटे ते नुसते ऐकत आणि मग नोझलमध्ये कचरा आहे की व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही, ते सांगत. मी शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि २००३ साली त्यांच्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर टीव्ही, यूपीएस आणि सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करण्यासाठी टेबल मांडले. पहिली सहा वर्षे त्या कामावर घर चालले. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही.

मोटारींकडे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांच्या दुरुस्तीकडे, आम्ही वळलो ते २००९ च्या डिसेंबरात. वडिलांच्या बरोबरीचे एक ज्येष्ठ मिस्त्री, ज्यांना आम्ही काका म्हणतो, शेजारीच गाड्यांचे काम करीत. त्यांच्याकडे सांगलीच्या एका डॉक्टरांची, नव्वदच्या दशकातील आयात केलेली ऑटोमॅटिक सेदान आली होती. सकाळी लीव्हर ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या स्थितीत, टाकला की गाडी उठतच नसे, चढावर तर जागची हलत नसे; वीसेक मिनिटे कशीबशी चालवली की मात्र एकेक गिअर लोण्यासारखा पडे. दोन ठिकाणी गिअरबॉक्स पूर्ण उघडण्याचा सल्ला मिळाला होता आणि सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. मिस्त्रींनी डिपस्टिक, म्हणजे गिअरबॉक्समधले तेल तपासायची पट्टी, माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, “हे तेल बघ. लालभडक आहे, जळका वास नाही. क्लच प्लेटा गेल्या असत्या तर हे काळं पडलं असतं. मी ही गिअरबॉक्सची पेटी उतरवणार नाही, आधी तू तो डबा बघ.”

डबा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सांभाळणारे नियंत्रण युनिट. पण ते उघडण्याआधी काकांनी एक चाचणी करून दाखवली, जी आम्ही आजही तशा प्रकारच्या प्रत्येक गाडीवर करतो. त्या चार गिअरच्या पेटीत गिअर बदलणारे दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपा, असतात. पहिल्या गिअरला त्यांतला एक चालू असतो, दुसऱ्याला दोन्ही, तिसऱ्याला फक्त दुसरा, आणि चौथ्याला दोन्ही बंद. म्हणजे डब्याकडून वीज मिळाली नाही, तर ‘डी’मध्ये गाडी थेट चौथ्या गिअरवर उठू पाहते. काकांनी सोलेनॉइडांचा कनेक्टर काढला आणि लीव्हर हाताने ‘एल’, ‘२’, ‘डी’ असा बदलत गाडी चालवली. वीज नसताना त्या तीन स्थितींत लागायला हवेत तसे पहिला, तिसरा, चौथा हे गिअर अगदी व्यवस्थित लागले. सोलेनॉइडांचा रोध मोजला, तो १३ ओहम भरला. त्या पेटीसाठी ११ ते १५ योग्य मानतात. पेटी निर्दोष होती; तिला हुकूमच मिळत नव्हता.

डब्याचे झाकण काढताच शिळ्या मासळीसारखा वास आला. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. आतल्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागांची, डोकी फुगलेली नव्हती, वरून सगळे सपाट आणि स्वच्छ दिसत होते. पण बोर्ड तिरका धरून भिंगातून पाहिल्यावर दोन कपॅसिटरच्या बुडाशी हिरवट चिकट थर दिसला. त्यांतील ४७ मायक्रोफॅरडचा एक काढून मोजला, तेव्हा धारकता (वीज साठवण्याची क्षमता) फारशी घटलेली नव्हती, मात्र त्याचा अंतर्गत रोध, ज्याला आम्ही ईएसआर म्हणतो, एक-दोन ओहम अपेक्षित असताना वीस ओहमच्या वर गेला होता. साध्या मल्टिमीटरवर धारकता पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा माणूस इथेच फसतो.

अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ओला द्रव असतो. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो किंवा बुडाच्या रबरातून झिरपतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. उरलेला द्रव थंडीत अधिकच नाठाळ होतो आणि ईएसआर चढतो. मग प्रोसेसरला मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठा स्थिर राहत नाही, प्रोसेसर मध्येच रीसेट होतो आणि सोलेनॉइडांची वीज तुटते. व्होल्टेजचे चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर ती पाच व्होल्टची रेघ गार बोर्डावर करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती. केस वाळवायच्या ड्रायरने बोर्ड कोमट केला, तेव्हा डोळ्यांदेखत ती सपाट झाली. डॉक्टरांच्या वीस मिनिटांचा उलगडा त्या रेघेने झाला.

झिजलेल्या पेटीचा दोष बहुधा उलट वागतो, तेल तापून पातळ झाले की वाढतो. तरीही मी एवढ्यावर निदान ठरवत नाही, कारण रबरी सील कडक झाले तरीही सकाळी गिअर उशिरा लागतो. गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजल्याशिवाय आमच्याकडे डाख देण्याचे यंत्र सुरू होत नाही.

ही शिस्त आम्हाला एका चुकीने लावली. पुढच्याच वर्षी एका गाडीचे कपॅसिटर बदलून, बोर्ड नुसता पुसून परत दिला. तीन आठवड्यांनी, ऐन पावसाळ्यात, ती गाडी टो करून आली. जुना द्रव बोर्डाच्या एका थरातून दुसऱ्या थरात जाणाऱ्या बारीक छिद्रात मुरला होता आणि त्याने आतले तांबे खाल्ले होते. ग्राहकाचा टोइंगचा खर्च आम्ही भरला. तेव्हापासून कपॅसिटर निघाल्यावर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून धुतो, बोर्ड पूर्ण वाळवतो, भोवतालची प्रत्येक रेषा मीटरने तपासतो, खाल्लेल्या ठिकाणी जंपर, म्हणजे जोडतार, टाकतो आणि १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे कपॅसिटर ध्रुव दोनदा पाहून बसवतो. शेवटी संरक्षक लेप देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गार बोर्डावर पुन्हा स्कोप लावतो.

२०१४ नंतर एएमटीमुळे (साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) लहान गाड्याही ऑटोमॅटिक झाल्या आणि चौकशा वाढल्या. त्यांतल्या अनेकांत मूळ दोष बॅटरीचा किंवा सैल अर्थिंगचा निघतो. तो दुरुस्त करून, डबा न उघडता आम्ही गाडी परत पाठवतो. आतून जेल भरून सील केलेली मॉड्यूल आम्ही घेत नाही, कारण ती उघडल्यावर पुन्हा पूर्वीसारखी बंद करण्याची खात्री मला देता येत नाही.

आज आम्ही पाच जण आहोत. काकांना आता काम होत नाही, पण सायंकाळी ते गाळ्यावर येऊन बसतात आणि नव्या मुलांना डिपस्टिकचा वास घ्यायला लावतात. काढलेले कपॅसिटर आम्ही लहान पिशवीत घालून, प्रत्येकाचा मोजलेला ईएसआर चिठ्ठीवर लिहून डब्यासोबत परत देतो. इचलकरंजीच्या एका मिस्त्रींनी तशा पिशव्या टेबलाच्या काचेखाली ओळीने लावून ठेवल्या आहेत. गिअरबॉक्स उतरवायला सांगत कोणी आले की ते आधी त्यांकडे बोट दाखवतात आणि मग आम्हाला फोन लावतात.