गणपतीच्या खोक्यातला एक्स-रे

आमच्या कलाखोलीत एक खोकं आहे, मुलं त्याला ‘गणपतीचं खोकं’ म्हणतात. लोक जुन्या लग्नपत्रिका शाळेला आणून देतात. जाड कार्ड, सोनेरी छपाई, कधी मखमलीसारखा हात लागणारा कागद. हस्तकलेला याहून चांगला माल नाही. पण बहुतेक पत्रिकांवर गणपती असतो आणि त्याच्यावर कात्री चालवायला एकही मूल तयार होत नाही. मग आधी गणपती तेवढा कडेकडेने कापून काढायचा आणि उरलेल्या कार्डाचं काय ते करायचं. असे कित्येक वर्षांचे गणपती त्या खोक्यात साठलेत. यंदा सहावीतल्या एका मुलीने त्यात छातीचा एक्स-रे ठेवला.

मी पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गात साठाच्या आसपास मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि चाचणी जवळ आली की तोही गणिताच्या बाई मागून घेतात. सामानाला पैसे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सगळा संसार मागून आणलेल्या वस्तूंवर. बाहेरच्यांना वाटतं, गरजवंताला काय, काहीही चालतं. दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि मार्चअखेरीला आमच्या दारात काय येऊन पडतं ते एकदा बघा: सुकलेली स्केचपेनं, गेल्या वर्षीच्या डायऱ्या, कंपनीच्या कार्यक्रमाचे फ्लेक्स. फ्लेक्सवर ना पोस्टर कलर बसतो, ना फेविकॉल नीट धरतो. वर देणाऱ्याला मुलांबरोबर फोटो हवा असतो. फोटो झाला की ते जातात, निवडत बसतो आम्ही, मी आणि शिपाईमामा. खरा माल मिळतो अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांत. कटिंग मशीनखाली आर्ट कार्डाच्या पट्ट्या पडतात, एकाच मापाच्या, स्वच्छ. तिथला कामगार फोटोबिटो मागत नाही, ‘पोतं घेऊन या’ एवढंच म्हणतो.

तर एका डॉक्टरांनी दवाखाना आवरताना जुन्या एक्स-रेंची पोती पाठवून दिली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. स्नेहसंमेलनाला छायाबाहुल्यांचा खेळ करायचं मनात होतं. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ टिकवून ठेवलाय. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तसं चामडं आम्ही कुठून आणणार? पुठ्ठ्याची बाहुली नुसती काळी सावली पाडते. एक्स-रेची फिल्म मात्र कात्रीने सुरेख कापली जाते, फाटत नाही, कड सुटत नाही, आणि पंचने भोक पाडलं की सांध्याला दोरा ओवून गाठ मारता येते. मागे खराट्याचे दोन-तीन हीर एकत्र बांधून चिकटवले की झाली दांडी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हाड किरणांना अडवतं, म्हणून फिल्मवर तेवढा भाग काळा पडत नाही, पारदर्शकच राहतो. बाकी सगळीकडे चांदीचा काळा थर. अशी बाहुली दिव्यापुढे धरली की पडद्यावर शरीर काळं आणि आत हाडं उजळलेली. मी धोतराचा पडदा बांधून, मागे बल्ब लावून एक पंजा हलवून दाखवला तेव्हा एरवी शांत न बसणारा वर्ग एकदम गप्प झाला. मग जो गोंगाट उठला, शेजारच्या वर्गावरच्या बाई बघायला आल्या.

गठ्ठे वाटले तेव्हा मुलं मोजमापं सोडून फिल्मचे कोपरे वाचायला लागली. जुन्या फिल्मवर नाव, वय, तारीख फिल्ममध्येच उमटलेली असते, खोडून जात नाही. एका मुलाला मांडीचं हाड मिळालं, त्यात लोखंडी पट्टी आणि ओळीने स्क्रू. धातूतून किरण जवळपास जातच नाहीत, म्हणजे पडद्यावर तो भाग सगळ्यात लख्ख. त्याने जाहीरच करून टाकलं, हा राजा. एवढ्यात त्या मुलीने तिच्या वाट्याचा एक्स-रे गणपतीच्या खोक्यात नेऊन ठेवला.

मी विचारलं, “काय गं?”

“सर, नाव आहे ना यावर. पुरुष, वय चौपन्न.”

“मग?”

“त्यांना माहितीये का आपण कापतोय ते?”

मी म्हटलं, नाही. तिच्यामागून आणखी चार-पाच जणींनी आपापल्या फिल्म तिथे नेऊन ठेवल्या. राजावाला मुलगा चिडला. “अगं, पट्टी बसवली म्हणजे तो चालायला लागला असणार. मग राजा केला तर काय बिघडलं?” त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरा एक, त्याच्या वडिलांचं भंगाराचं दुकान आहे, तो म्हणाला, “सर, कापू नका. यात चांदी असते. एक्स-रे घ्यायला वेगळे लोक येतात, अख्ख्याला भाव जास्त.” नेमके तेव्हाच आमचे भाऊसाहेब, शाळेचे कारकून, हजेरीपट मागायला दारात उभे. कलाखोलीकडे न फिरकणारा माणूस तास संपेपर्यंत पोत्यांभोवती घुटमळला. वर मला म्हणाले, थोडे तरी ठेवा, ग्रहण बघायला होतात. छातीच्या एक्स-रेतून सूर्य बघू नका हे मी दर ग्रहणाला सांगतो, आणि दर ग्रहणाला स्टाफरूममध्ये कोणीतरी तो काढतंच.

संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं की शाळेत मेलेल्या माणसांचे फोटो कापायला लावतात. मोठ्या बाई म्हणाल्या, नावांवर स्टिकर लावा आणि विषय संपवा. मी डॉक्टरांना फोन केला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते हे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही आहे. मी ते शक्य तितक्या अदबीने काढलं. ते हसले. “अहो सर, कधीचे आहेत ते, कोण विचारतंय!” विचारलं होतं सहावीतल्या मुलीने, पण ते मी बोललो नाही.

शेवटी मी आणि मामांनी पेपर कटरवर प्रत्येक फिल्मची नावाची पट्टी उडवली. खेळ झाला. राजाची मांडी पडद्यावर अशी झळकली की मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. त्या मुलीने बाहुली घेतली नाही, ढोलकी वाजवली, आणि छान वाजवली. तिला विचारलं, आता तर नाव नाही? म्हणाली, “सर, हाडं त्यांचीच आहेत ना.” राजावाला मुलगा अजून तिच्याशी वाद घालतो. मला दोघांचंही पटतं, आणि तीच अडचण आहे.

पट्ट्या अजून माझ्या कपाटात आहेत. हाताने फाटत नाहीत. जाळल्या तर प्लास्टिकचा धूर. ब्लीचच्या पाण्यात टाकल्या तर अक्षरांसकट काळा थर सुटतो, पण ते चांदीचं पाणी मी शाळेच्या मोरीत सोडणार नाही. भाऊसाहेबांना त्या वजनावर हव्यात. परवा डॉक्टरांचा फोन आला, माळ्यावर आणखी एक पोतं निघालंय, कधी नेताय? म्हटलं, नावं कापून ठेवा, लगेच नेतो.

“एवढी माणसं कुठून आणू हो कापायला?”

म्हटलं, आमच्याकडे मी आणि मामा आहोत.